पांघरूण

मराठीत 'पांघरूण घालणे' याला दोन अगदी निराळे अर्थ आहेत. आई झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालते, आणि एखादा वरिष्ठ आपल्या हाताखालच्या माणसाच्या लबाडीवर पांघरूण घालतो. शब्द तोच, कृतीही वरवर तीच; पण पहिली पाहून आपला ऊर भरून येतो आणि दुसरी ऐकून आपण नाक मुरडतो. हे दोन अर्थ भाषेने एकाच पदरात बांधले ते निष्काळजीपणाने, असे मला वाटत नाही. झाकणे आणि जपणे यांच्यातली सीमारेषा फार पुसट आहे हे तिला ठाऊक असावे.

दिवाळीच्या आधी घरोघर माळे उतरतात, कपाटे हलतात, भिंतींना रंग लागतो, आणि वर्षभर झाकून ठेवलेले पुष्कळ काही उजेडात येते. तेव्हा या सीमारेषेचा विचार करायला हे दिवस वाईट नाहीत. मात्र त्यासाठी मी जे उदाहरण घेणार आहे ते देवघरातले नाही आणि माजघरातलेही नाही. ते आहे मालमोटारीच्या पोटातले: टर्बो डिझेल इंजिनाच्या धुराच्या नळीचे, तिच्यावर गुंडाळलेल्या पट्टीचे, आणि ती पट्टी एक दिवस सोडावी लागते त्या कामाचे. फराळाच्या ताटाशेजारी काळ्या तेलाचे हात आणल्याबद्दल गृहिणींनी रागावू नये. विषय वाटतो तितका परका नाही.

डिझेल इंजिनात जे तेल जळते त्यातली सगळी उष्णता काही चाकांच्या कामी येत नाही. ढोबळ मानाने तिचा तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर पडून वाऱ्यावर जातो. हा वाया जाणारा भाग कामाला लावावा ही कल्पना स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्युखी या अभियंत्याला सुचली आणि १९०५ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. तापलेल्या धुराच्या वाटेत एक लहानसे चक्र बसवायचे. ते फिरले की त्याच्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक म्हणून तेल अधिक जळते, आणि त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक ताकद निघते. यालाच टर्बो म्हणतात. सांगायला सोपे, पण मालमोटारीतले हे चक्र मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेते आणि चढावर त्याच्या तोंडावर येणारा धूर सहाशे अंशांच्या पुढे तापलेला असू शकतो. हे सोसणारी सामग्री हाती यायला बरीच वर्षे गेली. जहाजांच्या मोठ्या इंजिनांवर ब्युखीला आधी यश आले. मालमोटारीच्या इंजिनावर टर्बो चढला तो १९३८ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्याच साउरर कारखान्यात. आज खंबाटकीचा किंवा कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या बहुतेक मालमोटारींच्या पोटात ब्युखीचे ते चक्र गुणगुणत असते.

आता इंजिनापासून टर्बोपर्यंत जाणारी नळी पाहा. तिच्यातून जाताना धूर निवला तर त्याचा जोर कमी होतो, आणि चक्राला मिळायची ती ताकद बोनेटखालची हवा तापवण्यात खर्च होते. म्हणून पुष्कळ ठिकाणी त्या नळीला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळतात. दुसरे कारण याहून मोठे आहे. त्या नळीच्या आजूबाजूला रबरी होज असतात, तारा असतात, तेलाच्या बारीक नळ्या असतात. डिझेलला पेट घ्यायला ठिणगी लागतेच असे नाही. पुरेशा तापलेल्या लोखंडावर त्याची चिळकांडी उडाली तरी भडका होतो. जहाजांच्या सुरक्षिततेविषयीचा आंतरराष्ट्रीय करार तर स्पष्टच सांगतो की गळलेले इंधन जिथे उडू शकेल असा दोनशे वीस अंशांहून अधिक तापणारा पृष्ठभाग आवरणाखाली असलाच पाहिजे. शिवाय ती नळी उघडी राहिली तर अंधारात चुकून तिला लागणारा हात कुणाचा? क्लीनरचाच. म्हणजे इथपर्यंत हे पांघरूण आईचे आहे. त्यात ऊब राखणेही आहे आणि दुसऱ्याला चटका बसू नये ही काळजीही आहे.

पण पांघरुणाखाली काय चालले आहे ते वरून दिसत नाही, आणि सगळी गोष्ट इथून पुढे बदलते.

पट्टी पाणी पिते. पावसाचे पिते, गाडी धुतानाचे पिते, रस्त्यावरचा चिखल पिते. नळी तापलेली असते तोवर ते पाणी वाफ होऊन उडून जाते. गाडी उभी राहिली, नळी निवली, की ओलावा आत बसून राहतो आणि लोखंडाला कुरतडू लागतो. उघड्या नळीला गंज चढला तर तो तांबूस डाग होऊन डोळ्यांत भरतो; झाकलेल्या नळीचा गंज पापुद्र्यांवर पापुद्रे चढवत पट्टीच्या आड वाढतो. तेल झिरपत असेल तर पट्टी तेही पिते, आणि मग आग लागू नये म्हणून घातलेले वेष्टनच पणतीतल्या वातीसारखे पेटायला तयार होऊन बसते. तिसरी गोष्ट अशी की कोंडलेली उष्णता केवळ धुरात राहत नाही, नळीच्या धातूतही राहते. साधे पोलाद अशा उष्णतेत खवले सोडू लागते आणि ओतीव बिडाला कधी कधी तडा जातो. एवढे सगळे होत असताना बाहेरून नळी मात्र नीटनेटकी दिसते. गुंडाळलेली पट्टी आणि तिच्यावरचे चकचकीत पोलादी पट्टे पाहून मालक निश्चिंत असतो, आणि पांघरुणातला धोका नेमका त्या निश्चिंतीत असतो. एकदा झाकले की आपण बघायचे थांबतो.

महामार्गाच्या कडेच्या एका गॅरेजात हे पट्टी सोडण्याचे काम मी बराच वेळ उभा राहून पाहिले आहे. मिस्त्रीने आधी पट्टीवर पाणी शिंपडले आणि ती चांगली भिजू दिली. मग पोलादी पट्टे कापून तो वेढे हळूहळू उलगडू लागला. हाताखालचा पोरगा हवेचा पाइप घेऊन आला. "उस्ताद, फुंकून काढू का? एका मिनिटात निघेल," त्याने विचारले. मिस्त्री मान वर न करता म्हणाला, "निघेल रे. पण जाईल कुठं? तुझ्या छातीत. तोंडाला मास्क लाव आधी, आणि ती पिशवी धर." सुटलेला प्रत्येक तुकडा ओल्यानेच पिशवीत गेला. नळी उघडी पडली तेव्हा वरच्या बाजूला ती बरी होती. खालच्या बाकाशी, जिथे पाणी साठत असावे तिथे, गंजाच्या पोळ्या सुटल्या होत्या. मिस्त्रीने लहान हातोडीने ती ठिकठिकाणी वाजवून पाहिली. जाड लोखंड खणखणत होते; बाकाशी आवाज बद्द आला. गाडी दोन पावसाळे कज्जात उभी होती, असे त्याने सांगितले. "साहेब, गाडी चालून नाही मरत. उभी राहून मरते."

पुढचे काम पाहताना मला कल्हईवाल्याची आठवण झाली. आता तो गल्लीत फारसा दिसत नाही, पण ज्यांनी त्याला पाहिले आहे त्यांना आठवत असेल की भांड्यावर कथील फिरवणे हा त्याच्या कामाचा शेवटचा, क्षणभराचा भाग असे. आधी भांडे तापवायचे, घासायचे, नवसागर टाकून मळ जाळायचा. तांबे-पितळ उघडे-नागडे झाल्याशिवाय कथील धरतच नाही. धुराच्या नळीचेही तसेच. तेलकटपणा धुऊन काढायचा, तारेच्या ब्रशाने किंवा कणांचा मारा करून गंज खरवडायचा, नितळ करडे लोखंड दिसेपर्यंत थांबायचे नाही. ज्या ठिकाणी नळी पातळ झाली असेल तो तुकडा कापून नवा जोडायचा. नुसती भेग असेल तर सांधायची. मग उष्णता सोसणारा रंग, म्हणजे सिलिकोनच्या राळेत ॲल्युमिनियमची पूड घातलेला. त्याचे पातळ हात द्यायचे आणि नळी टप्प्याटप्प्याने तापवून तो पक्का करायचा, कारण हा रंग उन्हात वाळून पुरा होत नाही. आगीतून गेल्यावरच तो पक्का धरतो. कुणी त्याऐवजी सिरॅमिकचा लेप देतात. काहीही द्या, पहिली अट एकच: गंजावर देऊ नका. गंजावर दिलेला रंग गंज थांबवत नाही, काही दिवस लपवतो.

आणि नेमके तेच करणारे लोक असतात. जुनी मालमोटार विकायला काढली की आदल्या दिवशी तिच्या नळीवर चांदीचा रंग मारायचा, किंवा भोके पडलेल्या जागेवर नवी पट्टी गुंडाळून वर दोन पट्टे आवळायचे, हा प्रकार बाजारात अपरिचित नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही आपली म्हण अशा वेळी मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. पण त्याच मराठीत दुसरी म्हण आहे: कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. पहिली म्हण झाकणाऱ्याची आहे, दुसरी काळाची. विकणाऱ्याची मूठ सौदा होईपर्यंत सव्वा लाखाची असते. तांबडे फुटते ते विकत घेणाऱ्याच्या दारात, बहुधा घाटाच्या मध्यावर, रात्री, माल भरलेला असताना.

ही फसवणूक सरळ आहे, म्हणून तिच्याविषयी वाद नाही. मला अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न निराळा आहे. ज्याने प्रामाणिकपणे, चांगल्या हेतूने पट्टी गुंडाळली, त्याची जबाबदारी कुठे संपते? ती गुंडाळताना फायदा त्याचा झाला: ताकद वाढली, इंजिनाचा कोठा थंड राहिला. ती सोडताना धूळ खातो कोण? तो नव्हे. पंधरा-वीस वर्षांनी कुठल्या तरी गॅरेजात कुठला तरी पोरगा ती खातो, ज्याला ही पट्टी कोणी, केव्हा, कशाची घातली हे कुणी सांगितलेले नसते.

हे काही कल्पनेने रंगवलेले संकट नाही. आजच्या पट्ट्या बहुधा काचेच्या किंवा बेसाल्ट दगडाच्या धाग्यांच्या असतात. त्यांनी अंगाला खाज सुटते, घसा धरतो. परंतु जुन्या इंजिनांवर आणि जहाजांच्या नळ्यांवर ज्याची दोरी व कापड गुंडाळत असत ते ॲस्बेस्टॉस होते. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ 'न विझणारे' असा आहे. खनिज असून ते कापसासारखे कातता येई, आगीत जळत नसे, स्वस्त होते. माणसाला याहून चांगले पांघरूण कोणते हवे होते? इंग्लंडात रॉचडेल येथे नेली केरशॉ नावाची स्त्री त्याचे सूत कातत असे. १९२४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ती गेली. तिच्या फुप्फुसांत त्या धाग्यांचे कण सापडले आणि डॉक्टर कुक यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९३१ मध्ये तेथे नियम झाले, पण ते मुख्यतः कारखान्यातल्या उत्पादनाला लागू होते. ते सामान नळ्यांवर गुंडाळणारे आणि पुढे ओरबाडून काढणारे हात नियमांच्या जवळजवळ बाहेरच राहिले. १९६४ मध्ये अमेरिकेत डॉक्टर सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या परिसरातील अशा ६३२ जुन्या कामगारांचा हिशेब मांडला. फुप्फुसांच्या किंवा त्यांच्या आवरणाच्या कर्करोगाने साधारण सहा-सात मृत्यू होतील अशी अपेक्षा असताना प्रत्यक्षात पंचेचाळीस झाले होते. पुढच्याच वर्षी लंडनमधील एका पाहणीत याहून घरगुती गोष्ट उघड झाली. त्या रोग्यांत अशा काही स्त्रिया होत्या ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल टाकले नव्हते. त्या फक्त नवऱ्याचे कामाचे कपडे धूत असत.

त्या बाईविषयी मी पुष्कळ वेळा विचार करतो. संध्याकाळी नवरा घरी येई. ती त्याचा सदरा झटकून पाण्यात भिजवी. कुठल्याशा इंजिनाच्या नळीतली उष्णता वाचवल्याची किंमत तिने वीस-तीस वर्षांनी चुकती केली, आणि आपण कशाची किंमत देतो आहोत हे तिला कळलेही नाही.

हा रोग लवकर तोंड दाखवत नाही. वीस, तीस, चाळीस वर्षे दबा धरून बसतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात कामगारांचे आरोग्य हा त्यांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे म्हटले, आणि ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे, किंवा ती सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांतली जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी. त्या निकालातले हे चाळीस वर्षांचे कलम मला कोणत्याही नीतिग्रंथातल्या वचनाइतके महत्त्वाचे वाटते. त्याचा अर्थ असा की जो पांघरूण घालतो त्याने ते कधी तरी उघडले जाणार आहे हे आजच मान्य करावे, आणि उघडणाऱ्यासाठी मागे एक खरी चिठ्ठी ठेवावी.

यावर कोणी म्हणेल, मग झाकूच नये काय? सगळे उघडेच असावे? मला तसे म्हणावयाचे नाही. उघड्या नळीने हात भाजतात. उघड्या शब्दांनीही भाजतात. वडिलांच्या दुखण्याचे नाव पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडावर फेकणारा मुलगा सत्यवादी असेल, पण तो शहाणा नव्हे. भावाभावांत झालेले बोलणे पाहुण्यांसमोर न काढणे यात ढोंग नाही; घर चालण्यासाठी लागणारी ती ऊब आहे. ईशावास्यातला ऋषी सत्याचे मुख सोन्याच्या पात्राने झाकलेले आहे असे सांगतो आणि ते झाकण दूर कर अशी पूषन् देवाला विनवणी करतो. माझ्या समजुतीप्रमाणे त्या विनवणीत झाकणावर राग नाही. ते सोन्याचे आहे हे तो कबूल करतो. तो एवढेच म्हणतो की ज्याला पाहायचे आहे त्याच्यासाठी ते सरले पाहिजे.

तेव्हा प्रश्न झाकावे की नाही हा नाही. झाकल्यावर आपण काय करतो, हा आहे. पांघरूण घालून आई निघून जात नाही. रात्री उठून ती पांघरुणाखाली हात घालते, कपाळ पाहते, अंग तापले आहे का ते चाचपते. तापले असेल तर तेच पांघरूण काढून टाकायला तिला क्षण लागत नाही. लबाडीवर पांघरूण घालणारा वरिष्ठ मात्र ते पुन्हा कधीच उचलत नाही. उचलावे लागू नये म्हणूनच त्याने ते घातलेले असते. दोन अर्थांमधली रेषा मला इथे सापडते. जे पांघरूण घालणारा स्वतः वेळोवेळी उचलून पाहतो ते जपणे. जे उचलायची पाळी दुसऱ्यावर, नंतरच्यावर, दुबळ्यावर येईल अशा बेताने घातलेले असते ते लपवणे. हेतू चांगला होता एवढ्याने काम भागत नाही. चांगल्या हेतूने घातलेले आणि मग विसरलेले पांघरूणही खालच्या लोखंडाला तेवढेच खाते.

हे मालमोटारीला लागू आहे तसे घराला आणि गावालाही लागू आहे. एखाद्या घरात मिटवलेली वाटणी असते. तीस वर्षे कोणी तिचे नाव काढत नाही आणि ती नातवांच्या अंगावर कोसळते. एखाद्या संस्थेत जुना हिशेब 'आता कशाला' म्हणून बासनात बांधून ठेवलेला असतो, आणि तो सोडण्याचे काम नव्याने लागलेल्या कारकुनाच्या वाट्याला येते. त्या कारकुनाला, त्या नातवाला, गॅरेजातल्या त्या पोराला आपण निदान दोन गोष्टींचे देणे लागतो. आत काय आहे ते सांगणे ही एक. आणि शक्य असेल तोवर, म्हणजे आपल्या हातांत बळ आहे तोवर, आपण घातलेले आपणच सोडणे ही दुसरी. सोडताना ओले करून सोडावे, धूळ उडवू नये. जे खणखणते ते ठेवावे, बद्द वाजते ते कापावे, आणि नितळ झाल्यावरच नवा हात द्यावा. यात शौर्य काही नाही. वेळ जातो, हात काळे होतात, आणि काम झाल्यावर बाहेरून फारसे दिसतही नाही.

त्या गॅरेजातल्या मिस्त्रीने नळी रंगवून झाल्यावर तिच्यावर पुन्हा नवी पट्टी गुंडाळली. मला नवल वाटले. इतका त्रास देणारी गोष्ट पुन्हा कशाला? तो म्हणाला, "पट्टी लागतेच साहेब. पण आता दर पावसाळ्याआधी सोडून बघायची, मालकाला सांगितलंय." आणि खडूने त्याने बोनेटच्या आतल्या बाजूला तारीख लिहिली. खडू काही वर्षभर टिकायचा नाही, हे त्यालाही ठाऊक असणार. म्हणून थोड्या वेळाने तो रंगाचा डबा घेऊन आला आणि तीच तारीख रंगाने गिरवू लागला.